एक घास कमी असलेला नान

मी एक जुना नान आहे. माणूस जगाच्या कुठल्याही टोकाला गेलेला असो, त्याला सुखरूप घरी ओढून आणायचं सामर्थ्य माझ्यात आहे. घाट, नद्या, बर्फ, सैन्याच्या चौक्या, यांतलं काहीही मला अडवू शकत नाही. बोयसूनच्या डोंगरात हे तुम्हाला कोणीही शपथेवर सांगेल. माझ्या मालकाला मात्र मी घरी ओढून आणू शकलो नाही, कारण त्याच्या हिशेबानं तो कुठं गेलाच नव्हता.

मित्रांनो, हे जरा सविस्तर सांगायला हवं.

माझा जन्म एप्रिल महिन्यात एका मंगळवारी सकाळी नोरबीबीच्या तंदूरमध्ये झाला. मला टिकायचं होतं म्हणून तिनं पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवलं. मधोमध ठसा दाबून नक्षी काढली, वर कलौंजी पेरली, तंदूरच्या भिंतीवर मिठाचं पाणी शिंपडलं आणि खांद्यापर्यंत हात आत घालून मला थापटलं. आम्ही दहा भावंडं होतो. नऊ जण दुपारपर्यंत खाल्ले गेले, म्हणजे त्यांच्या आयुष्याचं सार्थक झालं. मला तिनं स्वच्छ फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलं. त्या वेळी मला ते भाग्य वाटलं.

आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस उंबऱ्यावर उभा राहून नानाचा एक घास दातांनी तोडतो. उरलेला नान घरचे भिंतीवर खिळ्याला टांगतात. ज्याच्या वाट्याचं अन्न घरी शिल्लक आहे, तो ते खायला परत येतोच, असा सगळ्यांचा पक्का विश्वास. परत आला की तो स्वतःच्या हातानं नान उतरवतो, चहात बुडवून खातो आणि प्रवास संपतो. मधे दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

आमच्या घरात असे दोन खिळे होते. एकावर थोरल्या मुलाचा नान होता. मुलगा रशियात इमारतींच्या बांधकामावर गेलेला. त्या नानाला चार वर्षं झाली होती आणि त्याचा घरात मोठा मान होता. दुसरा खिळा माझ्यासाठी रिकामा करण्यात आला.

माझा मालक एश्मुरोद. वय एकाहत्तर. एकतीस वर्षं त्यानं डोंगरात दगड शोधत फिरणाऱ्या भूगर्भवाल्या साहेबांचा ट्रक चालवला होता. त्याची धाकटी बहीण होसियत लग्न होऊन गेली ती थेट अर्सलानबोबला, दुसऱ्या डोंगररांगेत, अक्रोडाच्या जंगलात. इथून अकराशे किलोमीटर. तेव्हा मधे सगळा एकच देश होता. एश्मुरोदनं नवरीला आपल्याच ट्रकमधून नेऊन सोडलं होतं. सबंध वाटेत त्याला एकदाच कोणी थांबवलं, तेही काडेपेटी मागायला.

मग एका देशाचे बरेच देश झाले. मग त्यातल्या आमच्या आणि तिच्या देशाचं बिनसलं. मग सीमा बंद झाली. भावाबहिणीची भेट होऊन नऊ वर्षं झाली होती, आणि त्या एप्रिलमध्ये होसियतच्या मुलाचा, मारुफचा, फोन आला: आईची मूत्रपिंडं गेली आहेत, डॉक्टर म्हणतात, पानगळीपर्यंत.

मारुफनं लगेच तार पाठवली; बंद सीमेतून जायचं तर शिक्क्याची तार दाखवावी लागते. ‘आई गंभीर आजारी. ताबडतोब यावे.’ खाली इस्पितळाचा गोल शिक्का. तो शिक्का बघून एश्मुरोदचा जीव भांड्यात पडला. शिक्का म्हटल्यावर अडचण कसली? त्यानं आपली निवा गाडी धुतली, मागं बहिणीसाठी भरलेली नवी रजई, वाळवलेल्या जर्दाळूंची पिशवी आणि डोंगरातल्या काळ्या जिऱ्याची पुडी ठेवली. मोहल्ल्याचे वडीलधारे होल्बोय यांनी दुआ मागितली, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. एश्मुरोदनं माझा घास तोडला. सकाळी साडेआठ वाजता निवा उतारानं दिसेनाशी झाली, नोरबीबीनं मला खिळ्यावर टांगलं आणि मी कामाला लागलो.

अकरा वाजून वीस मिनिटांनी तो परत आला.

एवढ्या झटपट माणूस परत आणणारा नान बोयसूनमध्ये आजवर झाला नसेल. क्षणभर मला स्वतःचीच भीती वाटली.

“काय विसरलात?” नोरबीबीनं विचारलं.

“काही नाही. यादीत नाही.”

“काय यादीत नाही?”

“आजारपण.” एश्मुरोद टोपी काढून खाली बसला. वाटेत परवान्यावर शिक्का घ्यायला तो कचेरीत थांबला होता. “जवळच्या नात्यातलं लग्न आहे यादीत. मयत आहे. या दोनच कारणांना सोडतात. साहेब म्हणाला, आजोबा, नुसतं आजारी असून चालत नाही.”

“मग काय मरायचं का तिनं?”

“तसं नाही म्हणाला. म्हणाला, परिस्थिती बदलली तर या.”

आता माझ्याबद्दल पेच पडला. सून दिलाफ्रुज शाळेत भूगोल शिकवायची. ती म्हणाली, “बाबा निघाले, परत आले. म्हणजे नान उतरवायला हरकत नाही.” पण होल्बोयनं मान हलवली. “कचेरीपर्यंत जाऊन येण्याला प्रवास म्हणत नाहीत पोरी, छळ म्हणतात. घास तोडलाय ना? मग आता जाऊनच यावं लागेल.”

तर एश्मुरोद घरात होता आणि मी त्याच्या परत येण्याची वाट बघत त्याच्याच डोक्यावर टांगलेला होतो. शेजारच्या नानानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो खरोखरीच्या कामावर होता. माझी नुसती नेमणूक झाली होती.

तेव्हापासून माझ्याखाली, जेवणाच्या कापडावर, रोज प्रवासाची आखणी चालू झाली. ट्रकवाला तो, रिकामा बसला तरी हात गिअरवर असल्यासारखे हलायचे. खडीसाखरेचा मोठा खडा म्हणजे बोयसून. चहाची किटली म्हणजे समरकंद. उपडा वाडगा म्हणजे कामचिकचा घाट. बेदाण्यांची बशी म्हणजे अंदिजान. त्यापुढं आडवी ठेवलेली सुरी म्हणजे सीमा, आणि सुरीच्या पलीकडे एक अक्रोड. ती होसियत.

गाडी गॅसवर चालायची, म्हणून टाकी कुठं कुठं भरायची, कुठल्या पंपावर रांग लहान असते आणि का, हे सगळं ठरलं. घाट सकाळी नऊच्या आत चढायचा, नाहीतर निवा तापते. पाण्याचे दोन डबे पुढच्या सीटखाली. उतरताना ब्रेकवर विसंबायचं नाही. सीमेपलीकडे गाडी न्यायची तर वेगळा परवाना, म्हणून अंदिजानला सैन्यातल्या जुन्या मित्राच्या अंगणात ती ठेवायची, रजई खांद्यावर टाकून चालत पलीकडे जायचं, तिथं मारुफ उभा असेल. एकूण दोन दिवस चार तास. होल्बोय रोज येऊन योजना तपासायचे आणि बोलता बोलता अंदिजान खाऊन टाकायचे.

“अहो, सगळं खाल्लंत. आता माझी गाडी कुठं ठेवू मी?” एश्मुरोद ओरडायचा.

“समरकंदला ठेव. चहा गार झाला त्याचा.”

त्या योजनेत एकही चूक नव्हती. बहिणीचं मरण किंवा लग्न, तेवढंच बाकी होतं.

मे महिन्यात मारुफचा फोन आला. फोन कापडावर सुरीशेजारी ठेवून सगळे ऐकायचे. मारुफ आवाज खाली आणून म्हणाला, “मामा, इथं पोस्टात माझी ओळख आहे. आई गेली अशी तार पाठवतो. शिक्का खरा मिळेल.”

एश्मुरोदनं आपल्या सदऱ्याची कॉलर घट्ट धरली. अभद्र शब्द कानावर आला की आमच्याकडे कॉलर धरतात. “जिभेला हाड आहे का तुझ्या? जिवंत आईबद्दल बोलतोयस!”

तेवढ्यात पलीकडून फोन हिसकावल्याचा आवाज आला. “दादा, मला मारायला माझी काही हरकत नाही. तू ये. येऊन मला शिव्या घाल.”

“होसियत, एकदा कागदावर गेलीस की परत कोण आणणार तुला? पेन्शन बंद होईल.”

“ती अशीही वेळेवर कुठं येते?”

“नाही म्हणजे नाही. मी तिथं साहेबासमोर ती तार धरून रडल्याचं सोंग करायचं, आणि तोंडातून निघालेलं खरं झालं तर? मला नाही जमणार.”

“बरं बाबा. मग मी खरीच मरते. पण त्यात माझा फायदा काय, ते सांग. तू एवढ्या लांबून येणार, आणि बघायला मी नाही!”

एश्मुरोदनं अक्रोड उचलून हातात धरला आणि फोन बंद झाल्यावरही बराच वेळ तसाच धरून बसला.

जूनमध्ये एकदा चहा ओतता ओतता दिलाफ्रुज म्हणाली, “बाबा, यादीत लग्नही आहे ना?”

“आहे.”

“मग लग्न लावू या.”

“कोणाचं?”

“आत्यांचं.”

नोरबीबीच्या हातातला चमचा खाली पडला. एश्मुरोदनं कॉलर धरायला हात वर नेला, पण लग्नाला कॉलर धरतात की नाही हे न आठवल्यामुळे तो हात अर्ध्यातच राहिला. दिलाफ्रुज मान खाली घालून, सासऱ्यासमोर बोलावं तशा हळू आवाजात, एकेक मुद्दा सांगत गेली. आत्या विधवा आहेत. कायद्याला हरकत नाही. मरणाची खोटी तार अशुभ असेल, लग्नाची कशी असेल? नवरदेव म्हणून तिथला मधमाश्या पाळणारा सातिबोल्दी आहे. त्याचीही बायको वारली आहे, आणि मारुफशी आपलं बोलणं झालं आहे.

फोन लावला. होसियत बेत ऐकून म्हणाली, “सातिबोल्दी? तो घोरतो.”

“तुला काय माहीत?” एश्मुरोद दचकून म्हणाला.

“अख्ख्या जंगलाला माहीत आहे. त्याच्यामुळे तर अस्वलं येत नाहीत इकडं.”

“त्याला विचारलंत का कोणी?” नोरबीबी मधेच म्हणाली.

मारुफ म्हणाला, “विचारलं मामी. तो विचारत होता, कागदावरचंच ना? की...”

“की काय?”

“म्हणजे, त्याची तशीही तयारी आहे.”

त्या घरात एप्रिलनंतर पहिल्यांदा कोणी हसलं. पलीकडे होसियत एवढी हसली की तिला खोकला आला, आणि तो खोकला थांबेना.

तारीख दिलाफ्रुजनं काढली, आठ ऑगस्ट. तिला शाळेची सुटी होती, घाटातलं रस्त्याचं काम तोवर संपणार होतं आणि अंदिजानचा मित्र गावातच असणार होता. योजना पुन्हा तपासली गेली. टायर, पाणी, गॅस, रजई, सगळं. मारुफची तार आली: ‘आई होसियत हिचे लग्न. आठ ऑगस्ट. मामाने यावे.’ ग्रामसभेचा शिक्का, पोस्टाचा शिक्का. शिवाय सातिबोल्दीची सही, जी कोणी मागितली नव्हती.

तार आली ती मोहल्ल्यात गुप्त कशी राहणार? बायका ताटं घेऊन अभिनंदनाला आल्या. नोरबीबीला त्या विचारायच्या, “नवरी सहासष्टची, मग नवरदेव केवढा?” एश्मुरोद तोंड लपवायला निवाचं बॉनेट उघडून त्यात डोकं घालून तासन् तास उभा राहायचा. होल्बोय मात्र गंभीर होते. “लाजायचं काय त्यात? असं स्थळ माझ्यासाठी कोणी बघत असेल तर सांगा.”

दोन दिवसांनी एश्मुरोद नवी टोपी घालून कचेरीत गेला. या वेळी मी जय्यत तयारीत होतो.

तो दुपारी परत आला आणि भिंतीला टेकून बसला. म्हणाला, “साहेबानं तार वाचली. शिक्के बघितले. मग भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. म्हणाला, आजोबा, दोन ईदांच्या मधे?”

दिलाफ्रुजनं तोंडावर हात ठेवला.

मित्रांनो, रमजान ईद आणि बकरी ईद यांच्या मधल्या दिवसांत आमच्याकडे लग्न लावत नाहीत. असं लग्न टिकत नाही म्हणतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आठ ऑगस्ट त्या वर्षी नेमका दोन ईदांच्या मधे पडत होता. खरं लग्न असतं, तर नात्यातल्या सात बायकांनी तारीख सात वेळा तपासली असती. पण लग्न खोटं आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळ्यांनी फक्त टायर तपासले. अभिनंदनाला आलेल्या बायकांनाही म्हणे ते खटकलं होतं. पण दुसऱ्याच्या शुभकार्यात कशाला बोला?

“मी म्हटलं त्याला, तिकडं चालतं,” एश्मुरोद सांगत होता. “तर म्हणाला, तिकडंही आपलेच लोक राहतात ना आजोबा? माझी आजी तिकडचीच. मग म्हणाला, ही तार मी बघितली नाही असं समजा. बकरी ईदनंतरची तारीख घालून आणा, सोडतो.”

“बकरी ईद सप्टेंबरच्या चोवीसला,” दिलाफ्रुज अगदी हळू म्हणाली.

“हो.”

“म्हणजे सात आठवडे.”

“मला मोजता येतं,” एश्मुरोद म्हणाला. तिच्याशी तो असा कधी बोलत नसे. दिलाफ्रुज उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग तो आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. “पोरी,” तो म्हणाला, “लग्नाची युक्ती चांगलीच होती. चूक माझी. मी माझ्या बहिणीचं लग्न ठरवलं आणि मुहूर्त बघितला नाही.”

सत्तावीस सप्टेंबरची नवी तार मागवली. ती आली, साहेबाच्या वहीत चढली, आणि वाट बघणं सुरू झालं. मी तोवर चांगलाच वाळलो होतो. माझ्या पाठीवर धूळ बसली होती, कलौंजीचे दाणे एकेक करून गळत होते. खाली मुंग्या त्यांची वाट बघत. ऑगस्टमध्ये होसियतचा आवाज फोनवरून यायचा, पण मधेच संपायचा. एकदा ती म्हणाली, “दादा, नवरी जरा बारीक झाली आहे. सातिबोल्दी म्हणतो, एवढी बारीक ठरली नव्हती.” एश्मुरोद हसला. फोन ठेवल्यावर तो कापडाजवळ गेला आणि किटली, वाडगा, बशी, सगळं बाजूला सारलं. फक्त सुरी आणि अक्रोड ठेवला.

“अंदिजानच्या पुढं एक कालवा आहे,” तो म्हणाला. “सहा मीटर रुंद. लोक दोर बांधून जातात.”

“आणि गोळ्या?” नोरबीबी म्हणाली.

“गोळ्याही जातात.”

“तुमचं वय काय?”

“म्हातारे, मला पोहता येतं.”

“तुम्ही आयुष्यात कधी पाण्यात उतरला नाहीत. ट्रक उतरवलात.”

एश्मुरोद सुरीकडे बघत राहिला. मग एकदम त्याचा चेहरा उजळला, आणि ते मला अजिबात आवडलं नाही. “ऐक. मी मेलो, तर ती येऊ शकते. भाऊ यादीत आहे. मयत यादीत आहे. तिची परिस्थिती बदलायची गरजच नाही. माझी बदलली तरी चालेल.”

“तिला उठून बसता येत नाही,” नोरबीबी म्हणाली.

हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. योजनेतली पहिली खरी चूक. त्याचे खांदे खाली आले. नोरबीबीनं सीमा उचलली आणि तिनं कांदा चिरायला घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि कांदा असल्यामुळे कोणाला काही विचारावं लागलं नाही.

तीस ऑगस्टला, रविवारी सकाळी, फोन वाजला. पलीकडे मारुफ नुसता श्वास घेत होता. एश्मुरोद “हॅलो, हॅलो” म्हणत राहिला. शेवटी होल्बोयनं त्याच्या हातातून फोन घेतला, ऐकला आणि खाली ठेवला. “एश्मुरोद,” ते म्हणाले, “परिस्थिती बदलली.”

आमच्यात मयत त्याच दिवशी मातीत जाते. तरी निदान सातव्या दिवशीच्या जेवणाला भाऊ हवा. तार हवी, तारेवर शिक्का हवा. पण एकतीस ऑगस्टला तिकडे स्वातंत्र्यदिन होता, पोस्ट बंद. एक सप्टेंबरला इकडे स्वातंत्र्यदिन होता, कचेरी बंद. दोन्ही देश स्वतंत्र झाल्यामुळे दोन दिवस कोणाचाच शिक्का मिळेना. मोहल्ल्यात दिवसभर लाउडस्पीकरवर गाणी वाजत होती. एश्मुरोद बूट घालून उंबऱ्यावर बसून होता.

बुधवारी दिलाफ्रुज त्याच्याबरोबर कचेरीत गेली. परत आल्यावर तिनंच सासूला सांगितलं.

“साहेबानं तार घेतली. वही उघडली. म्हणाला, आजोबा, सत्तावीस तारखेला लग्न आहे ना यांचं?”

“मग?”

“बाबा म्हणाले, आता नाही. साहेब म्हणाला, ती तार माझ्या हातानं चढवली आहे मी. आता ही कशी मानू? वरून मला विचारतील. तिकडून दुजोरा मागवावा लागेल. मी म्हटलं, माणूस गेलंय हो! तर म्हणाला, ताई, मला कळतंय, पण मागच्या महिन्यात तुम्ही मला नवरी दाखवली होतीत.”

दुजोरा शुक्रवारी आला. शिक्का मारण्याआधी साहेब म्हणे खुर्चीतून उठून उभा राहिला आणि त्यानं होसियतसाठी दुआ मागून चेहऱ्यावरून हात फिरवले. मग शिक्का मारला. पाच दिवसांचा परवाना. कारण: मयत.

निघताना नोरबीबी दारात गोंधळली. नवा नान द्यावा, की जुनाच धरावा? एश्मुरोदनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि तसाच बाहेर पडला. घास आधीच तोडलेला होता. निवा उतारावरून दिसेनाशी झाली, आणि या वेळी अकरा वीसला कोणी परत आलं नाही.

पुढचं मी ऐकून सांगतो. योजना तंतोतंत बरोबर निघाली. पंपावरची रांग लहान होती. घाट नऊच्या आत चढला. मित्र अंगणात उभा होता. पलीकडे मारुफ होता. दोन दिवस चार तास. सातव्याचं जेवण आदल्या दिवशी होऊन गेलं होतं. सातिबोल्दीनं त्याला होसियतच्या कबरीपाशी नेलं आणि तिथं तो एश्मुरोदपेक्षा जास्त रडला. का, ते त्याला कोणी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी परवाना संपला आणि दोन दिवसांनी एश्मुरोद घरी आला. रजई तिकडेच ठेवून आला होता. नोरबीबीनं मला बुडवण्यासाठी मोठ्या वाडग्यात कडक चहा ओतून ठेवला. मी साडेचार महिन्यांचा झालो होतो, दगडासारखा. पण चहात मी मऊ होईन याची मला खात्री होती. मित्रांनो, त्या क्षणाची मी जन्मापासून वाट बघत होतो.

एश्मुरोदनं हात वर केला. त्याची बोटं माझ्या कडेला लागली, आपल्याच दातांच्या जागी. तिथंच थांबली.

“उतरवा की,” नोरबीबी म्हणाली. “चहा निवतोय.”

“कशाला उतरवू?”

“परत आलात ना!”

“गेलो कुठं होतो?”

“अहो, अर्सलानबोबला!”

“मी अर्सलानबोबला निघालो नव्हतो,” एश्मुरोद म्हणाला. “होसियतकडं निघालो होतो.” आणि त्यानं हात खाली घेतला.

होल्बोय त्या वेळी तिथंच होते. एरवी अशा बाबतीत त्यांनी काहीतरी निकाल दिला असता. त्यांनी वाडगा उचलला आणि तो चहा आपणच पिऊन टाकला, म्हणजे तो वाया जायला नको.

तेव्हापासून मी इथंच आहे. शेजारच्या खिळ्यावरचा नान मुलगा परत आला तेव्हा मोठ्या थाटात खाल्ला गेला. आता तिथं नवा आहे, कारण मुलगा पुन्हा गेला. मला झुरळं लागू नयेत म्हणून नोरबीबीनं वरून एक जुनी जाळी बांधली आहे. मला कोणी टाकू शकत नाही, कारण अन्न आहे. कोणी खाऊ शकत नाही, कारण वाटा दुसऱ्याचा आहे. आणि ज्याचा आहे तो माझ्याखालीच बसून चहात रोजचा नान बुडवतो आणि वर बघत नाही.

मित्रांनो, अन्न वाया घालवू नये हे तुम्हाला शाळेत सांगितलेलं असेल. ते मी पुन्हा सांगत नाही. माझं सांगणं वेगळं आहे. तुमच्यातलं कोणीतरी मोठेपणी साहेब होईल. त्याच्याकडे अशा याद्या करायचं काम येईल. तेव्हा मयत आणि लग्न यांच्या मधे कृपा करून एक ओळ मोकळी सोडा. माणसं बहुतेक वेळ त्या मधल्या ओळीतच राहतात. आणि ज्यांना कुठलीच यादी आडवी येत नाही, त्यांनी, ज्याला भेटायचं आहे तो नुसता आजारी असतानाच जाऊन यावं. गाडीचे टायर वाटेतही तपासता येतात.

दोन वर्षांनी दोन्ही देशांचं पुन्हा जमलं आणि सीमा उघडली. यादी रद्द झाली. गेल्या उन्हाळ्यात दिलाफ्रुजच्या शाळेतल्या शिक्षकांची सहल तिकडे जाऊन आली. सीमेवर त्यांना अकरा मिनिटं लागली.